ढगातून घंटा पडते तेव्हा

१९८५ सालच्या जपानमध्ये सकाळी गेम सेंटरचं शटर वर करून एकेक मशीन सुरू करत जाणाऱ्या माणसाला एक सूर रोज ऐकू येई. बाकीची मशिनं बटण दाबताच जागी व्हायची. कोनामी कंपनीचं नवं मशीन मात्र लगेच उठत नसे. पडद्यावर आकडे उलटे मोजले जात, आणि ती मोजणी संपेपर्यंत, म्हणजे दीडेक मिनिट, आतून एक हलकं, प्रसन्न संगीत वाजत राही. नाणं टाकून खेळणाऱ्या गिऱ्हाइकांच्या कानावर ते फारसं पडतच नसे, कारण ती येईपर्यंत मशीन केव्हाच तयार झालेलं असायचं. ते ऐकायचा तो कुलूप उघडणारा, झाडलोट करणारा. म्हणून त्या सुरावटीला नाव पडलं ‘मॉर्निंग म्युझिक’.

मशीनला उठायला वेळ लागे, कारण त्याला आधी ऊब हवी असे. त्याच्या पोटात ‘बबल मेमरी’ होती. गार्नेट जातीच्या स्फटिकाचा पातळ थर घ्यायचा आणि त्यात चुंबकत्वाचे अतिसूक्ष्म गोल ठिपके तयार करायचे. हेच ते बुडबुडे. बुडबुडा आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. फिरत्या चुंबकीय क्षेत्राने हे बुडबुडे ठरलेल्या वाटेवरून रांगेने पुढे ढकलले जात आणि एका जागी येताच वाचले जात. रहाटाचे पोहरे एकामागून एक वर येऊन रिते होतात, तसंच. वीज गेली तरी बुडबुडे जागचे हलत नसत. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये अँड्र्यू बोबेक यांनी साठच्या दशकात ही कल्पना पुढे आणली, आणि सत्तरच्या दशकात अनेकांना वाटत होतं की उद्याचा संगणक याच्यावरच चालणार. कोनामीनेही डाव लावला: मशीन तेच ठेवायचं, आतली बुडबुड्यांची पेटी तेवढी बदलायची, की नवा खेळ तयार. पण थंड असताना हे बुडबुडे नीट सरकत नसत आणि जवळपासच्या चुंबकाने बिघडत. त्यामुळे आधी पेटी गरम करायची, मग त्यातली माहिती सावकाश साध्या मेमरीत उतरवून घ्यायची, आणि तोवर गाणं वाजवायचं. थोड्याच काळात कोनामीने हे खेळ नेहमीच्या चिपवर हलवले. बबल मेमरीचं युग असं आलंच नाही.

त्या पेटीतून बाहेर पडलेला पहिला खेळ होता ‘ट्विनबी’. त्याच वर्षी त्याच मशीनवर ‘ग्रेडियस’ आला आणि जगभर गाजला. ग्रेडियसबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. या प्रकरणात मी लिहिणार आहे ते त्याच्या थोरल्या, गुबगुबीत भावंडाबद्दल.

सरकत्या पडद्याच्या नेमबाजीच्या खेळांना जपानमध्ये सरळ ‘शूटिंग’ म्हणतात. पडदा आपोआप पुढे सरकत राहतो, आपलं यान त्याच्यासोबत, समोरून शत्रू येतात, आपण गोळ्या झाडत आणि चुकवत जायचं. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे तैतो कंपनीचा १९७८चा ‘स्पेस इनव्हेडर्स’, तोमोहिरो निशिकादो यांनी घडवलेला. त्यात पडदा सरकत नव्हता, पण वरून शत्रूंची रांग, खाली एकटे आपण, ही मांडणी तिथली. माणसांवर गोळ्या झाडायला लावणं बरं नव्हे, म्हणून निशिकादो परग्रहवासीयांकडे वळले आणि त्यांचे आकार त्यांनी समुद्रातून उचलले: ऑक्टोपस, माकूल आणि खेकडा. म्हणजे पहिल्या दिवसापासून या खेळात एक ऑक्टोपस होता. तो पुढे परत येणार आहे.

नंतरच्या पाच-सात वर्षांत या खेळांनी एक ठरीव चेहरा घेतला. काळं अंतराळ, चांदण्यांचे ठिपके, धातूची टोकदार यानं. नामकोचा ‘झेवियस’ १९८३च्या सुमारास आला आणि त्याने पडदा वरून खाली सरकवून खाली जमीन दाखवली, हिरवी झाडी, नद्या, वाळवंट. हवेतल्या शत्रूला गोळी, जमिनीवरच्याला बॉम्ब, अशी दोन हत्यारं दिली. खेळ देखणा होता, गंभीर होता, काहीसा गूढही.

ट्विनबीने झेवियसची ही मांडणी जशीच्या तशी घेतली. हवेत गोळी, जमिनीवर बॉम्ब, पडदा वरून खाली. मग तिच्यातलं गांभीर्य तेवढं काढून ठेवलं आणि त्या जागी स्वयंपाकघर आणून बसवलं. कथा अशी की दोनबुरी बेटावर स्पाइस राजाने हल्ला केला आहे आणि सिनॅमन नावाच्या शास्त्रज्ञाने दोन याने बनवली आहेत. दोनबुरी म्हणजे जपानी घराघरांतला भाताचा वाडगा, सिनॅमन म्हणजे दालचिनी, आणि शत्रू कोण, तर मसाल्यांचा राजा. समोरून चाल करून येणाऱ्या फौजेत फळं आहेत, भाज्या आहेत, सुऱ्या आहेत. आकाश निळं, खाली हिरवीगार बेटं आणि समुद्र. दोन यानांपैकी निळं ते ट्विनबी, गुलाबी ते विनबी. ती विमानासारखी कमी आणि गोबऱ्या बाळांसारखी जास्त दिसतात. गोल अंग, मोठी काच आणि दोन आखूड हात.

हे हात शोभेचे नाहीत. बॉम्ब फेकायचे ते त्या हातांनीच. शत्रूची गोळी बाजूने लागली तर यान फुटत नाही, हात तुटतो. दोन्ही हात गेले की आपण उडत राहतो, हवेत गोळ्या झाडत राहतो, पण जमिनीवरच्यांचं काही करू शकत नाही. आणि मग पडद्यावर एक रुग्णवाहिका येते. तिला जाऊन स्पर्श केला की हात परत मिळतात. एका जिवाला ही मदत एकदाच. इतर खेळांत यान फुटलं की संपलं, इथे जखमी होणं आणि बरं होणं आहे. गोंडस दिसण्याबद्दल मी जे पुढे म्हणणार आहे त्याचं बीज या रुग्णवाहिकेत आहे: इथे चित्र बदललं म्हणून नियम बदलले, आणि नियम बदलले म्हणून खेळणाऱ्याच्या मनातली भावना बदलली. हा नुसता रंग पालटण्याचा प्रकार नव्हता.

आता घंटा. माझ्या मते व्हिडिओ गेमच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी ही एक आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आकाशात ढग तरंगत येतात. ढगावर गोळी मारली की कधी कधी त्यातून एक पिवळी घंटा बाहेर पडते. ती आधी थोडी वर उसळते, मग खाली यायला लागते. खाली येताना आपण तिला झेलली तर गुण मिळतात. झेलली नाही तर ती पडद्याखाली निघून जाते. आपल्या गोळ्या वरच्या दिशेने जातात, तेव्हा खाली येणाऱ्या घंटेला गोळी लागली तर? ती फुटत नाही. पुन्हा वर उसळते. परत गोळी मारा, परत उसळते. असं बऱ्याचदा केलं की तिचा रंग बदलतो, आणि रंगीत घंटेत गुणांऐवजी शक्ती असते. निळीत वेग, पांढरीत दुहेरी गोळी, हिरवीत आपल्यामागे आपलंच अनुकरण करत फिरणाऱ्या सावल्या, लालमध्ये संरक्षक कवच. पण रंग बदललेल्या घंटेला चुकून एक गोळी जास्त लागली की ती परत पिवळी. सगळी मेहनत वाया.

विटी-दांडू खेळलेल्यांना हे हाताला कळेल. विटी उडाली की एकच टोला मारून लांब पाठवणं हा झाला साधा खेळ. तीच विटी हवेत असताना हलकेच एकदा, दोनदा टोलवत ठेवून मग मारायची, यात खरी करामत आणि गुणही जास्त. ट्विनबीची घंटा म्हणजे गोळ्यांनी टोलवत ठेवलेली विटी आहे.

या एका वस्तूने गोळीचा अर्थच उलटा केला. तोवर या प्रकारच्या खेळांत गोळी सुटली की समोरचं नाहीसं व्हायचं, तिला दुसरं काम नव्हतं. इथे तीच गोळी एखादी वस्तू हवेत तोलून धरते, पडू देत नाही. बोट तेच, बटण तेच, पण अर्धा वेळ आपण नाश करत असतो आणि अर्धा वेळ जपत असतो. आणि दोन्ही कामं एकाच वेळी अंगावर येतात. घंटा आपल्या आणि शत्रूच्या मध्ये आली की आपल्या गोळ्या तीच खाते, शत्रू तिच्या आडून निवांत खाली उतरतो. घंटेच्या नादात नजर वर खिळते आणि बाजूने येणारी सुरी दिसत नाही. सोडून द्यावी, तर पुढच्या टप्प्यात आपण संथ आणि दुबळे. त्यात पिवळ्या घंटांचं गणित निराळं. एकही न सांडता सलग झेलत गेलात तर पहिलीचे ५००, मग १,०००, २,५००, ५,००० आणि पुढे प्रत्येकीचे १०,०००. एक घंटा हातची निसटली की परत ५०० पासून. त्यामुळे जाणता खेळाडू कधीकधी शत्रूकडे पाठ फिरवल्यासारखा एका घंटेमागे धावताना दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, हा असं काय करतोय!

दोघं खेळत असतील तर ही गंमत दुप्पट होते. दोघांच्याही गोळ्या त्याच घंटेला लागतात. मी मोजून मारतोय, आता निळी होईल, झाली, आणि तेवढ्यात शेजारच्याची एक भरकटलेली गोळी लागून ती पिवळी. ‘तू कशाला मारलीस?’ हे वाक्य या खेळाने जगातल्या किती भाषांत बोलायला लावलं असेल! पण दोन याने जवळ आली की एकमेकांचा हात धरतात आणि मग जोडगोळीचा निराळा, जबर मारा करता येतो. भांडणाची सोय आणि समेटाचीही, दोन्ही एकाच पडद्यावर.

त्याच १९८५च्या फेब्रुवारीत जपानमध्ये करमणुकीच्या धंद्यांबद्दलचा सुधारित कायदा लागू झाला आणि गेम सेंटर त्याच्या कक्षेत आली. मध्यरात्रीनंतर ती उघडी ठेवायला बंदी झाली. वाया गेलेल्या पोरांचे अड्डे, अशी त्या जागांची ख्याती होती. पाच वर्षं आधी आलेल्या ‘पॅकमॅन’चे कर्ते तोरू इवातानी यांना मुली आणि जोडपी या जागांकडे वळवायची होती. मार्च महिन्यात आलेला, शेजारी बसून हात धरून खेळायचा ट्विनबी त्याच वाटेवरचा पुढचा मैलाचा दगड मला वाटतो.

या खेळांचं चित्र असं व्यंगचित्राच्या वळणाचं का झालं, याचं आणखी एक कारण आहे, आणि ते अगदी ठिपक्यांच्या पातळीवरचं आहे. १९८६च्या जानेवारीत ट्विनबी निन्तेंदोच्या ‘फॅमिकॉम’ या घरगुती यंत्रावर आला. त्या यंत्रात हलणारी चित्रं बनायची ती आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटींची. अशा चार चौकटी जोडल्या की सोळा गुणिले सोळाचं एक पात्र होतं. प्रत्येक चौकटीत रंग फक्त तीन, चौथा पारदर्शक. दारात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कोणालाही विचारा, सोळा ओळी सोळा ठिपक्यांत काय काय बसतं. मोर बसतो, कमळ बसतं, कासव बसतं. लढाऊ विमानाचा बारीक कंगोरा आणि धातूची चकाकी बसत नाही. त्या जाळीत खरंखुरं विमान काढायला जावं तर करड्या रंगाचा डाग होतो. पण मोठं गोल डोकं, दोन डोळे आणि भोवती गडद रेघ काढली की खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतं, हा कोण आणि कुठे बघतोय. मर्यादित ठिपक्यांत वास्तव हरतं आणि व्यंगचित्र जिंकतं.

त्यात आणखी एक अडचण. फॅमिकॉमला एका वेळी पडद्यावर ६४ चौकटी दाखवता येत, पण एका आडव्या रेषेत फक्त आठ. नववी आली तर ती दिसेनाशी होते. आता हिशेब करा: सोळा ठिपके रुंदीचं एक पात्र एका रेषेत दोन चौकटी खातं. दोघांची दोन याने एका ओळीत आली की चार गेल्या. मध्ये एक घंटा, सहा. म्हणजे उरल्या दोन, एका शत्रूपुरत्या. म्हणून अशा खेळांत गर्दी झाली की चित्रं लुकलुकतात. प्रोग्रॅमर मुद्दामच पाळी लावतो: या क्षणी हा दिसेल, पुढच्या क्षणी तो, म्हणजे कोणीच कायमचा गडप होत नाही. लहानपणी मला ते यंत्राचं दुखणं वाटायचं. ती खरं तर एका माणसाने विचारपूर्वक केलेली वाटणी होती.

मागची बेटं आणि समुद्र सरकतात त्यामागची युक्ती जुन्या बायोस्कोपवाल्याच्या पेटीतली आहे. पार्श्वभूमी लहान फरश्यांसारख्या तुकड्यांची बनवलेली असते, तेच झाड, तीच लाट, तोच किनारा पुन्हा पुन्हा वापरून. पडदा म्हणजे त्या फरश्यांवरची एक खिडकी. यंत्राला फक्त एक आकडा बदलून सांगायचं, खिडकी एक ठिपका वर सरकव. खिडकीच्या बाहेर गेलेली ओळ पुसून तिथे गुपचूप नवी ओळ मांडायची. आपल्याला वाटतं आपण मैलोन्‌मैल उडालो. प्रत्यक्षात यंत्र दोन पडद्यांएवढ्याच जागेत फरश्या बदलत बसलेलं असतं.

फॅमिकॉमवरचा हा पहिला ट्विनबी अमेरिकेत त्या काळी अधिकृतपणे विकलाच गेला नाही. तिथल्या मुलांना १९८७ साली त्याचा पुढचा भाग ‘स्टिंगर’ या नावाने मिळाला. आपल्याकडे मात्र तो आला, वाकड्या वाटेने. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांमध्ये टीव्हीला जोडायचे जे ‘व्हिडिओ गेम’ शिरले ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या, आणि त्यांच्यात खुपसायच्या पेटीला आपण सगळे ‘कॅसेट’ म्हणायचो. एका कॅसेटमध्ये पन्नास, शंभर खेळ, नावं अर्धवट, मूळ कंपनीचा पत्ता नाही. चाललं नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. आमच्या कॅसेटमध्ये ट्विनबी होता. ताई मोठी म्हणून निळं यान तिचं, गुलाबी माझं. ढगातून पडणारी वस्तू घंटा आहे हेही आम्हाला बरेच दिवस कळलं नव्हतं. आम्ही तिला ‘पेरू’ म्हणायचो, पिवळा, खाली जरा फुगीर, म्हणून. पेरूचा रंग बदलतो हे ताईने शोधून काढलं त्या दुपारी आम्ही जेवायलाही उठलो नाही.

ट्विनबीनंतर वर्षभरात, १९८६ साली, सेगाने ‘फँटसी झोन’ आणला. योजी इशिई यांनी तो घडवला. इथला नायक ओपा-ओपा हे यान आहे की प्राणी, याचं उत्तर खेळ देत नाही आणि द्यायची गरजही नाही. उडताना त्याला पंख असतात, जमिनीवर टेकला की पाय फुटतात आणि तो तुरुतुरु चालायला लागतो. पडदा आपोआप ओढून नेत नाही. आपण डावीकडे जाऊ तिकडे डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे. फिक्या गुलाबी, पुदिन्याच्या हिरव्या, लिंबाच्या पिवळ्या रंगांचे ग्रह. हिरोशी कावागुची यांचं संगीत लॅटिन अमेरिकी ठेक्यावर डुलणारं. प्रत्येक ग्रहावर शत्रूचे दहा तळ फोडायचे, मग एक अवाढव्य म्होरक्या. पहिल्या ग्रहावरचा म्होरक्या म्हणजे झाडाचं एक मोठं खोड आहे आणि ते आपल्यावर पानं फेकतं.

याची खरी खुबी दुकानात आहे. मेलेल्या शत्रूंमागे नाणी उरतात, ती गोळा करायची, आणि तरंगत्या फुग्यासारखं दुकान आलं की आत जाऊन वेगवान इंजिन, मोठे बॉम्ब, लेझर विकत घ्यायचं. जबर हत्यारं काही वेळापुरतीच टिकतात. आणि जादा जीव जितक्यांदा घ्याल तितका महाग होत जातो. घंटेने नेमबाजीत झेलाझेली आणली, फँटसी झोनने बाजारहाट आणला. शेवटी तर कथा अशा वळणावर येते की गुलाबी आकाशाखाली त्याची अपेक्षाच नसते: सगळ्या ग्रहांची लूट करणाऱ्या फौजेचा सूत्रधार ओपा-ओपाचा स्वतःचा बाप निघतो. इतक्या लाडिक चित्रांच्या खेळाने हा शेवट घ्यायचं धाडस केलं, याचा मला आजही आदर वाटतो.

यानंतर वाट रुळली. नाव घ्यावं असं एक म्हणजे सक्सेस कंपनीचा १९९१चा ‘कॉटन’. झाडूवर बसलेली छोटी चेटकीण, जगाची काळजी कमी आणि गोळ्या-चॉकलेटांची जास्त. दोन टप्प्यांच्या मध्ये आकाशातून चहाचे कप पडतात ते गोळा करायचे.

पण ऑक्टोपसाला परत आणलं ते कोनामीने. १९८८ साली एमएसएक्स या घरगुती संगणकासाठी त्यांनी ‘पारोडियस’ काढला. नाव म्हणजे ‘पॅरडी’ आणि ‘ग्रेडियस’ यांची सांधेजोड, आणि उपशीर्षक सांगतं की ऑक्टोपस पृथ्वीला वाचवतो. कोनामीने स्वतःच्याच सर्वांत प्रतिष्ठित खेळाची ही नक्कल केली होती. १९९०मध्ये गेम सेंटरसाठी त्याची मोठी आवृत्ती आली. खेळताना चौघांतून एकाची निवड करायची: ग्रेडियसचं टोकदार यान, ऑक्टोपस, पेंग्विन आणि आपला ट्विनबी. ग्रेडियसमध्ये ईस्टर बेटावरचे दगडी मोआई पुतळे तोंडातून कडी फेकत, इथे ते जहाज होऊन येतात. तिथे लढाऊ जहाज, इथे मांजराच्या तोंडाचं जहाज. शिवाय टोपी घातलेला अमेरिकन गरुड, सुमो पैलवान झालेलं डुक्कर, पडदाभर पसरलेली नर्तकी. संगीत चायकोव्स्कीसारख्या बड्या संगीतकारांचं, मैफलीतून उचलून थेट या धिंगाण्यात आणून बसवलेलं.

आणि घंटा इथेही आहे. ती ट्विनबीतून निघून या खेळात आली आणि जास्त खट्याळ झाली. हिरवी घेतली की आपण काही वेळ राक्षसाएवढे मोठे होतो आणि कशानेच मरत नाही. पांढरी घेतली की हातात कर्णा येतो आणि त्यातून जपानी वाक्यं बाहेर पडतात, अक्षरशः वाक्यं, अक्षरांची रांग पडद्यावरून सरसरत जाते आणि शत्रूला लागते. बोलून मारणं! १९९५च्या भागात तर पूर्ण खेळभर धावतं समालोचन होतं. ग्रेडियस मी अनेकदा खेळलो आहे. तरी पारोडियस खेळताना त्याची रचना मला जास्त नीट दिसली, कारण प्रत्येक विनोद नेमक्या सांध्यावर ठेवलेला आहे. ज्याला मूळ खेळ ठिपक्याठिपक्यात पाठ आहे त्यालाच अशी नक्कल करता येते. आणि विनोद असला तरी खेळ सोपा केलेला नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्याला तो सहज रडवतो.

हीच या सगळ्या कुटुंबाची जुनी अडचण. चित्र पाहून लहान मूल हात पुढे करतं, आणि खेळ दोन मिनिटांत त्याला बाहेर काढतो. गोंडस चेहऱ्याने जे निमंत्रण दिलं ते नियमांनी मोडलेलं. याचा विचार कोणीतरी केला, आणि त्याचं उत्तर पुन्हा ट्विनबीच्याच घरातून आलं. १९९३ साली फॅमिकॉमनंतरच्या ‘सुपर फॅमिकॉम’ या यंत्रावर ‘पॉप्‌न ट्विनबी’ आला. कथा यावेळी अगदीच घरगुती: एका मुलीचे शास्त्रज्ञ आजोबा डोक्याला मार लागल्यामुळे वाईट झाले आहेत, त्यांना ताळ्यावर आणायचं. एका गोळीत मरणं रद्द केलं, त्या जागी हळूहळू कमी होणारी शक्तीची पट्टी आली. आणि दोघांनी खेळायचं असेल तर एक खास पर्याय ठेवला, जोडप्यासाठीचा. तो निवडला की शत्रू आपला मारा मुख्यतः पहिल्या खेळाडूवर रोखतात. दुसऱ्याकडे फारसं कोणी बघतच नाही. एक सराईत आणि एक नवखा शेजारी बसले आहेत, हे खेळानेच ओळखलं आणि सराईताला ढाल केलं.

आमची आई एकदाच आमच्यासोबत बसली होती. माझ्या हातचा रिमोट तिने घेतला, कुठलं बटण कशाचं हे विचारलं, आणि गुलाबी यान तीनदा लगोलग फुटलं तेव्हा ‘तुमचं तुम्हीच खेळा’ म्हणून उठली. तो ट्विनबी पहिला होता, त्यात असा पर्याय नव्हता. पुढे कितीतरी वर्षांनी मी पॉप्‌न ट्विनबी त्या पर्यायावर लावला आणि आईला बोलावलं. सगळ्या गोळ्या माझ्या निळ्या यानावर यायला लागल्या. आई एका कोपऱ्यात एका घंटेखाली उभी राहून शांतपणे बटण दाबत होती. घंटा वर जात होती, खाली येत होती, परत वर जात होती. ‘अरे, पांढरी झाली,’ ती म्हणाली, ‘आता घेऊ का?’